आमच्या झाडाची मागची बाजू

चित्रकलेच्या बाईंनी शाळेत बोलावून घेतलं तेव्हा मला वाटलं, आमच्या भिंगरीने पुन्हा कुणाच्या तरी वहीवर रंगाचं पाणी सांडलं असणार. नऊ वर्षांची आहे, एका जागी दोन मिनिटं उभी राहत नाही, म्हणून तर सगळे तिला भिंगरी म्हणतात. पण बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, दार लोटून घेतलं आणि आवाज इतका मऊ केला की मला घामच फुटला. मग त्यांनी टेबलावर एक चित्र ठेवलं. विषय होता, ‘आमचं ख्रिसमसचं झाड’.

बाकीच्या मुलांची चित्रं भिंतीवर लावली होती. हिरवंगार झाड, वर तारा, खाली रंगीत खोकी, सगळं कसं सुखाचं. आमच्या कन्येने काढलं होतं एक तपकिरी, अर्धं टकलं झाड. फांद्यांना काळ्या वायरी गुंडाळलेल्या, जागोजागी चिकटपट्टी, ताऱ्याच्या पाठीला तारेचा पीळ, आणि खाली भेटवस्तूंच्या खोक्यांची रांग. खोकी सगळी मागून उघडी आणि आत काही नाही.

“घरी सगळं ठीक आहे ना?” बाईंनी हळूच विचारलं. “म्हणजे, मुलं कधीकधी मनातलं कागदावर काढतात.”

“मनातलं कसलं डोंबल,” मी म्हटलं. “आहे तसं काढलंय. चिकटपट्टीचे तुकडेसुद्धा गेल्या वर्षी होते तेवढेच निघतील.”

बाईंचा काही विश्वास बसला नाही. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ‘केव्हाही या’ म्हणाल्या. आता त्यांना काय सांगणार, की माझा नवरा दुकानांच्या काचा सजवतो?

हे कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात कामाला आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याने थांबावं, बघावं आणि आत यावं, एवढ्यासाठी काचेमागे जे काही मांडलेलं असतं ते सगळं यांचं. कलाकार आहेत, मी नाही म्हणत नाही. पण या धंद्यात वस्तूला एकच बाजू असते, गिऱ्हाइकाकडची. पुतळ्याच्या अंगावरचा कोट समोरून बघाल तर काय बसलाय म्हणाल. मागे जाऊन बघा, पाठभर टाचण्या. आमच्या लग्नात यांचा स्वतःचा कोटही तसाच बसवलेला होता. फोटो काढून झाल्यावर मी हौसेने यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बोटातून रक्त आलं. शहाणी बाई तेवढ्यावरूनच समजली असती.

मी स्वतः कपडे दुरुस्त करते. आत घेणं, सैल करणं, लांबी कमी करणं. माझ्या कामात कपडा आधी उलटा करून बघतात आणि मग सुलट. म्हणजे जोडा कसा अगदी बघून जुळवला होता.

आमचं घर तळमजल्यावर, बाहेरची खोली रस्त्याला लागून, आणि तिला ही एवढी मोठी काच. ती काच बघून यांनी घर घेतलं. स्वयंपाकघर बघितलंच नाही, ते मी नंतर बघितलं आणि नंतर रडले. आमच्या पडद्यांवरची फुलं रस्त्याच्या बाजूला आहेत, आम्हाला आतून पांढरं अस्तर दिसतं. आणि डिसेंबरात झाड लागतं ते काचेला चिकटून, तोंड बाहेर करून. हे मुद्दाम असं झाड शोधून आणतात ज्याची एक बाजू भरगच्च आणि दुसरी बोडकी. ‘पाठ कशाला हवी? पाठ बघतं कोण?’ पाठ बघतो आम्ही. मी, भिंगरी आणि सासूबाई, गेली कित्येक वर्षं चहा पितो तो झाडाच्या पाठीकडे बघत. येणारेजाणारे मात्र फुटपाथवर थांबून वाहवा करतात. दुकानाचे मालकही दरवर्षी बायकोला गाडीत घालून आमच्या घरावरून एक चक्कर मारतात, आणि दुसऱ्या दिवशी यांची छाती दोन इंच फुगलेली असते.

आणखी एक सांगायचं राहिलं. हा एवढा कलाकार माणूस उंचीला घाबरतो. दुकानात शिडी धरायला माणसं आहेत, घरी मी. मी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरल्याशिवाय हे त्यावर पाय ठेवत नाहीत. तेव्हा दर डिसेंबरात वर कला चालते आणि खाली मी गुडघ्यांवर.

तर संध्याकाळी मी ते चित्र यांच्यापुढे ठेवलं. यांनी ते हात लांब करून धरलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, “रचना चांगली आहे हं.”

“रचना?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “अहो, त्या बाईंना वाटतंय आपण पोरीला उपाशी ठेवतो!”

भिंगरी मात्र शांत होती. शांत बसली की मला धास्ती वाटते. “बाबा,” ती म्हणाली, “मी वर्गात सगळ्यांना सांगितलं की तुमचं चुकलंय, तुम्ही झाड बाहेरून काढलंय. घरातून ते असं दिसतं. तर सगळे हसले. मग मी एकेकाला विचारलं, तुमचं झाड घरातून कसं दिसतं? सगळे म्हणाले, आम्ही काढलंय तसंच दिसतं. चारी बाजूंनी तसंच.”

यांनी चित्र खाली ठेवलं, परत उचललं.

“यंदा झाड खोलीच्या मधोमध लावायचं,” भिंगरी म्हणाली. “त्याच्याभोवती फिरता आलं पाहिजे. निवडणार मी आणि सजवणारही मी. तू हात लावायचा नाहीस.”

“शब्द दिला,” हे म्हणाले. डोळ्यांत पाणीबिणी होतं, खरंच होतं.

“बघू,” कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसून लोकर गुंडाळत होत्या. “हा लहानपणी अंघोळसुद्धा पुढूनच करायचा. दिसतं तेवढंच धुवायचा. मी मान पकडून मागे घासायची.”

रविवारी आम्ही चौघं झाड आणायला निघालो. झाडांचं आवार म्हणजे एक उघडं मैदान, कडेने तारेचं कुंपण, मध्ये उंचीप्रमाणे रांगा लावून टेकवलेली झाडं, खाली भुसा आणि हवेत चिकाचा वास. झाडवाला जाड हातमोजे घालून उभा होता. सासूबाईंनी आल्या आल्या त्याच्याकडून बसायला एक ओंडका मिळवला आणि तिथूनच हुकूम सोडायला लागल्या.

भिंगरी एकेका झाडाभोवती फेरी मारत होती. हात पाठीमागे, भुवया वर, जणू आवार विकतच घ्यायला आली आहे. आणि आमचे हे? हे एका जागी उभे. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून, एक डोळा मिटून, त्यातून झाडं बघत होते. पाच मिनिटांत यांना हवं ते सापडलं.

“अगं, हे बघ! काय चेहरा आहे!”

चेहरा होता, मान्य. समोरून अशी घनदाट फांदी की आत बोट जाणार नाही. भिंगरी मुकाट्याने मागे गेली आणि तिथून तिचा आवाज आला, “बाबा, मला तू दिसतोयस.”

“ते भिंतीला टेकून वाढलंय, साहेब,” झाडवाला ओशाळून म्हणाला. “त्या बाजूला ऊनच मिळालं नाही त्याला. मी ते जाळायला काढणार होतो. तुम्हाला चांगलं दाखवतो.”

“नको नको, हे काय वाईट आहे?” हे म्हणाले. झाडवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक बघितलं असणार, त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. आधी चित्रकलेच्या बाई, आता हा. आठवड्यात दोघांनी माझी कीव केली.

“शब्द,” मी यांच्या कानाशी म्हटलं. एवढंच.

मग भिंगरीने तिचं झाड निवडलं. यांच्यापेक्षा वीतभर उंच, रांगेतल्या बाकीच्यांपुढे बुटकं आणि गोलमटोल, शेंडा जरासा उजवीकडे कललेला. पण चारी बाजूंनी सारखं भरलेलं. ती त्याच्याभोवती तीनदा पळाली, मग दिशा बदलून आणखी तीनदा. “याला पाठच नाहीये!” ती ओरडली. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर वाढदिवसालाही बघितला नव्हता.

हे झाडाकडे बघत राहिले. “शेंडा वाकडा आहे,” म्हणाले.

“तुझाही आहे,” ओंडक्यावरून सासूबाई म्हणाल्या, “तरी सांभाळला ना मी.”

झाड घेतलं. गाडीच्या टपावर बांधताना यांनी दोरी तीनदा सोडली, कारण फुटपाथकडे कोणती बाजू ठेवावी हे ठरेना. झाडाला पाठच नाही म्हटल्यावर माणूस अगदी सैरभैर झाला होता.

दुपारी जेवण उरकून झाड खोलीच्या मधोमध उभं केलं. सोफा भिंतीला सरकवला, माझं शिलाई मशीन कोपऱ्यात ढकललं. भिंगरीने सजवायला घेतलं. तिची पद्धत साधी होती. एक गोळा इथे लावायचा, मग पळत जाऊन दुसरा बरोबर उलट्या बाजूला. हे सोफ्यावर बसून बघत होते. दोन लाल गोळे शेजारी लागले की यांच्या तोंडून ‘स्स’ असा आवाज निघायचा, पोळल्यासारखा. शेवटी मी यांना सांगितलं, की हात मांड्यांखाली घालून बसा. बसले बिचारे तसे. मला काय मजा वाटली म्हणून सांगू!

दिव्यांच्या माळा यांनी अंगणात चालवून बघितल्या होत्या तेवढ्याच. फांद्यांवर त्या भिंगरीनेच गुंडाळल्या, स्टूलवर चढून तारा बसवला, वाकड्या शेंड्यावर वाकडा. साडेपाचच्या सुमाराला झाड झालं. गोळे विरळ होते, कारण दरवर्षी एका बाजूला लागायचे तेवढेच आता चारी बाजूंना वाटले होते. पण भिंगरी जमिनीवर मांडी घालून बसली, थोडं सरकली, परत बसली, असं करत अख्खं झाड फिरून आली. म्हणाली, “इथूनही दिसतं. इथूनही. आजी, तुझ्या खुर्चीतूनही दिसतं!”

“दिसतंय हो,” सासूबाई म्हणाल्या आणि लोकर बाजूला ठेवून खरंच बघत बसल्या.

एका माळेतले दोन दिवे तेवढे लागेनात. भिंगरी म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील, आजीलाही चालायला पाहिजेच. दोघी हात धरून बाहेर पडल्या, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच यांचा फोन वाजला.

मालक. नेहमीप्रमाणे संध्याकाळी बायकोला घेऊन चक्कर टाकणार होते. यंदा तर बरोबर त्यांचे पाहुणेही होते. ‘आमच्या माणसाचं घर बघा’ म्हणून त्यांना खास दाखवायला आणणार.

फोन ठेवला आणि यांचा चेहरा उतरला. काचेजवळ गेले, रस्त्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. “बाहेरून काहीच दिसत नाही गं,” म्हणाले. “खोलीत एक झाड आहे, एवढंच दिसतं.”

“मग आहेच की खोलीत एक झाड.”

“फक्त दहा मिनिटं. काचेपाशी सरकवतो, आतल्या बाजूचे गोळे तेवढे पुढे घेतो. ते गेले की होतं तसं लावून ठेवतो. त्या दोघींना यायला वेळ आहे. तिला कळणारसुद्धा नाही.”

इथे मी काय म्हणायला पाहिजे होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. शब्द देताना मी तिथेच होते. आवारात कानाशी ‘शब्द’ म्हणणारी मीच होते. पण यांचा चेहरा असा पडलेला, आणि मला सवय लागलेली. गिऱ्हाईक घाईत असलं की मीही म्हणते, तात्पुरता टाका घालून देते, नंतर नीट करू. यांनी स्टूल आणून काचेपाशी ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी गुडघ्यांवर बसले आणि स्टूल धरलं.

हात कसले चालतात यांचे! वीस मिनिटांत काचेकडची बाजू गच्च भरली. तारा सरळ झाला, तारेने पाठीमागून ओढून. माळ्यावरची रिकामी खोकी खाली आली. आणि आतल्या बाजूला, आमच्याकडे, राहिल्या नुसत्या वायरी. बाईंच्या टेबलावरचं चित्र पुन्हा आमच्या खोलीत उभं राहिलं.

दार वाजलं. सासूबाई आत आल्या, एकट्याच. हातात दिव्यांची पुडी. त्यांनी झाडाची पाठ बघितली, मला बघितलं, आणि चपला न काढताच खुर्चीत जाऊन बसल्या.

“भिंगरी कुठाय?” मी विचारलं.

“बाहेर. बघतेय.”

मी दाराच्या उंबरठ्यापाशी गेले. दिवेलागणीची वेळ होती. भिंगरी फुटपाथवर उभी होती, काचेपासून तीन पावलांवर, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेले. आत दिवे झगमगत होते, त्यामुळे आतून बाहेरचं धड दिसत नसणार. हे झाडाशेजारून डोकावले. यांना काचेसमोर एक लहानसं माणूस उभं दिसलं, बस्स. यांनी तोंडभर हसून हाताने खूण केली, ती दुकानातली खूण, ‘जरा बाजूला व्हा हं, मागच्यांनाही बघू द्या’. आणि वळून एक गोळा नीट केला.

भिंगरी बाजूला झाली. अगदी सांगितल्यासारखी, दोन पावलं डावीकडे.

मी तशीच अनवाणी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तोंडाशी शंभर वाक्यं आली होती, सगळी यांच्याबद्दलची. एवढ्यात हे बाहेर आले. रस्त्यावरून अंदाज घेतल्याशिवाय यांचं काम पुरं होत नाही. मागे मागे चालत आले, नजर काचेवर, आमच्या रांगेत येऊन थांबले. शेजारी कोण आहे हे बघितलंही नाही.

“कसं दिसतंय?” यांनी विचारलं, कुणाही जाणाऱ्याला विचारतात तसं.

“छान,” भिंगरी म्हणाली. “आत कोण राहतं?”

यांनी खाली बघितलं. मी माझ्या नवऱ्याला खूप वेळा ओशाळलेलं पाहिलंय. ते ओशाळणंसुद्धा समोरून छान असतं. हे तसलं नव्हतं. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तो तिथवर पोचलाच नाही. मग हे आत गेले. काचेतून दिसलं, यांनी बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि झाड ओढत ओढत मागे, खोलीच्या मधोमध नेलं. दोन गोळे पडून फुटले. रिकामी खोकी पायाने बाजूला सारली. झाड लांब गेल्यावर काचेतून आमची खोली दिसायला लागली, सोफा, मशीन, खुर्चीत चपला घातलेल्या सासूबाई.

मालकांची गाडी आली ती नेमकी तेव्हाच. हळू झाली. मागच्या काचेतून दोनतीन तोंडं बाहेर डोकावली, इकडेतिकडे बघितलं, आणि गाडी पुढे निघून गेली. मला हसू यायला हवं होतं. मी तर उद्यापासून महिनाभर यांना टोमणे मारण्याची तयारीही सुरू केली होती.

“आई,” भिंगरी म्हणाली.

“काय गं, राणी?”

“बाबाला एकट्याला स्टूलवर चढता येत नाही ना?”

माझ्या तोंडातला टोमणा तोंडातच राहिला. मी काचेकडे बघत राहिले. फरशी गार लागत होती.

“नाही येत,” मी म्हटलं. “मी धरलं होतं.”

ती माझ्याकडे बघत होती. आरडाओरडा नाही, रडणं नाही. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं, मला निदान जवळ घेता आलं असतं.

“मग आता परत धर,” ती म्हणाली आणि आत गेली.

मीही गेले. हे झाडापाशी उभे होते, हातात तारा, शेजारी स्टूल, आणि पाय जमिनीला खिळलेले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मी गुडघ्यांवर बसले आणि स्टुलाचे पाय घट्ट धरले. हे वर चढले. भिंगरी झाडाच्या पलीकडून एकेक गोळा वर देत होती, आणि कुठे लावायचा ते सांगत होती.

“मागे, बाबा. आणखी मागे. आई बसलीये त्या बाजूला.”